कालेजच्या मागचा तलाव

वृक्षारोपण हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईच्या तोंडी हे शोभत नाही, मला कळतं. घरचेही तेच म्हणतात. पण झाड लावायला दहा मिनिटं लागतात, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला अर्धा तास, आणि लावलेलं झाड भलतंच निघालं तर ते उपटायला किती वेळ लागतो, ते मला विचारा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घरचं पितळी भांड्यांचं दुकान. घरात शेतात पाऊल टाकलेलं कोणी नाही. धान आमच्याकडे पोत्यातून यायचं आणि मासे तर यायचेच नाहीत. तरी मला झाडांची फार आवड होती, म्हणजे झाडांच्या लॅटिन नावांची. नावं घोकायची आणि गुण मिळवायचे, यालाच मी आवड म्हणत असे. वक्तृत्वात माझा पहिला नंबर ठरलेला. असं माणूस किती धोकादायक असतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजचं दहा दिवसांचं श्रमदान शिबिर निघालं. गाव भंडाऱ्यापासून एसटीनं तासाभरावर. गावाला एक जुना तलाव, मालगुजारांच्या काळचा. त्याची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, जागोजागी खचली होती. ती बांधून काढायची, असा बेत. पस्तीस मुलगे आणि आम्ही सहा मुली. मुलगे शाळेच्या पडवीत मुक्कामाला. आम्ही मुली रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचो, कारण मुलींनी बाहेरगावी राहिलं तर पाळ खचण्यापेक्षा मोठा अनर्थ झाला असता.

काम मात्र आम्ही खरंच केलं. हे मी मुद्दाम सांगते. साडीचा पदर खोचून, घमेल्यांची साखळी करून, पाच दिवस माती वाहिली. हाताला फोड आले. ते मी आईला अभिमानानं दाखवले आणि आईनं त्यांना हळद लावत वडिलांना चार शब्द सुनावले.

पाळीवर एक ढिवर रोज जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. तलावातली मासेमारी आणि शिंगाड्याचे वेल ढिवरांच्या घरांकडे होते, त्यातलं हे एक घर. वय असेल पन्नाशीच्या आसपास, पण मी एकोणीस वर्षांची, त्यामुळे मला ते म्हातारे वाटले. ते कमी बोलायचे. बोलले तर प्रश्नच विचारायचे. रोज दुपारी त्यांच्या घरून उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली यायची आणि आम्ही त्यावर तुटून पडायचो. कोणी मागितले नव्हते, कोणी आभारही मानले नाहीत. श्रमदानाला आलेल्यांचे पाय गावानं धुवावेत, अशी आमची समजूत असावी.

सहाव्या दिवशी जीपमधून एक साहेब आले. शेतीखात्यातले. पाळीवरून चालत गेले, मान हलवली आणि म्हणाले, माती टाकून काय होणार, ती पुन्हा वाहून जाईल. तिला धरून ठेवणारं झाड हवं. दुसऱ्या दिवशी एका खासराभर, म्हणजे बैलगाडीभर, काड्या आल्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्या, मोडल्या तर पांढरा चीक गळणाऱ्या. बेशरमच्या काड्या.

विदर्भात हे झाड माहीत नाही असा माणूस आता सापडायचा नाही, पण तेव्हा त्याचं कौतुक होतं. साहेबांनी आम्हाला पाळीवर बसवून त्याचे तीन गुण सांगितले. एक, पाणी घालावं लागत नाही. दोन, राखण करावी लागत नाही. तीन, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. काडी खोचली की लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. असं गुणी झाड आम्ही पाहिलंच नव्हतं.

ढिवरकाका जाळं खाली ठेवून आमच्यापाशी आले आणि साहेबांना नाही, मला म्हणाले, "जे ढोर खात नाही, ते पाळीवर कायले लावता, बाई?"

मलाच का विचारलं, देव जाणे. बहुतेक मी सगळ्यात जास्त बडबड करत होते म्हणून.

मी उभी राहिले. वक्तृत्वाची सवय. म्हटलं, "काका, याची मुळं माती घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे जमिनीची धूप होत नाही. हे शास्त्र आहे."

"धरन, बाई. पन सोडन का नाही, हे कोनी पायलं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. साहेब, आमचे प्राध्यापक, मुलगे. उत्तर मला येत नव्हतं. येत नाही असं म्हणणं वक्तृत्वात बसत नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही मासे धरा, माती झाडं धरतील."

केवढा हशा पिकला. साहेबांनी तर पाठ थोपटली. काकाही हसले. "हो बाई," म्हणाले, "तुमी शिकेल लोक." आणि आम्हाला काड्या खोचायला जागा व्हावी म्हणून त्यांनी आपलं जाळं गोळा करून पलीकडे नेलं.

आम्ही दोन दिवसांत पाळ भरून काड्या खोचल्या. पाण्याच्या कडेलाही खोचल्या, उरल्या होत्या म्हणून. शेवटच्या दिवशी भंडाऱ्याहून फोटोग्राफर आला. सर्वोत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून मला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, मिळाला. तो कॉलेजनं आमच्याच दुकानातून नेला होता, त्यावर नावही आमच्याच कारागिरानं कोरलं होतं. वडील म्हणाले, जरा जाड पत्र्याचा दिला असता तर बरं झालं असतं, आपल्याच घरी येणार हे कोणाला माहीत!

पुढं मी नागपूरला एम.एस्सी. केलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कॉलेजात शिकवायला लागले. दोन वर्षांनी प्राचार्यांनी शिबिराचं काम माझ्या गळ्यात घातलं. बाई असल्या की मुलींचे पालक नाही म्हणत नाहीत, हे कारण. मी खूश. पहिलं शिबिर कुठं घ्यायचं, हा प्रश्नच नव्हता. आपण बांधलेली पाळ कशी आहे ते पाहून येऊ म्हणून एका रविवारी मी एकटीच एसटीनं त्या गावाला गेले.

गाव थोडं बदललं होतं. वीज आली होती, स्टँडवर पानठेला झाला होता. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई दिसली. तिला म्हटलं, तलावाकडे हाच रस्ता ना?

"तलाव? सिद्दे जा. कालेजच्या मांगं आहे."

मला इतका आनंद झाला. या गावात चौथीपर्यंतची शाळा होती, आणि आता कॉलेज! मी चालता चालता मनात कुठवर पोचले ते सांगायची लाज वाटते. आमचं शिबिर पाहून गावाला शिक्षणाची गोडी लागली असणार, असंसुद्धा मनात आलं. रस्ता संपला तरी इमारत दिसेना. एक हिरवी भिंत तेवढी दिसत होती, दीड माणूस उंच, फिकट जांभळ्या फुलांनी भरलेली. एक माणूस बैल घेऊन चालला होता. त्याला विचारलं, इथं कॉलेज कुठंय?

त्यानं माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि हातातल्या काठीनं ती भिंत दाखवली. "हे काय. हेच त कालेज."

बेशरम. पाळीवर बेशरम, पाळीखाली बेशरम, आणि पाळीवरून उतरून तलावात बेशरम. पाण्यात उभी, पाण्यावर आडवी. मधोमध फाटक्या सतरंजीएवढं पाणी उरलं होतं. आमच्या कॉलेजनं लावलं म्हणून गावानं त्या झाडाला कॉलेजचं नाव दिलं होतं. कालेज वाढलं. कालेजात साप निघाला. कालेजात बकरी शिरली आणि पाला खाऊन येडी झाली. सगळं गाव असं बोलत होतं, आणि त्यात कोणाला काही गंमत वाटत नव्हती, इतकं ते अंगवळणी पडलेलं. मी तिथं उभी राहिले आणि माझे कान गरम झाले. मला वाटलं, हा टोमणा आहे, आणि दहा वर्षं हे गाव रोज तो मला मारत आहे.

ढिवरकाकांचं घर शोधलं. ते खाटेवर बसून होते. डोळे अधू झाले होते. आवाजावरून नाही, मी सांगितल्यावर त्यांनी ओळखलं. "बोलनारी बाई," म्हणाले. घरात त्यांची सून होती, माझ्याच वयाची. तिचा नवरा तुमसरला राइस मिलमध्ये हमाली करत होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा, कधी पंधरा दिवसांनी. हे सांगताना तिनं आवाज चढवला नाही.

"तलावात जाळं टाकलं त काड्याइतच अटकते," ती म्हणाली. "शिंगाड्याच्या वेलीले जागा नाही. देवधान पयले घरापुरतं निघे, आता नाही." देवधान म्हणजे न पेरता तळ्यात उगवणारा भात, ऋषिपंचमीला तोच लागतो. "पानी असतं त मानूस कायले गेला असता, म्याडम?"

मी तिला म्हटलं, तुमचा तलाव मोकळा करून देईन. असंच म्हटलं, जसं काही ते माझ्या पर्समध्ये होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली.

इथून माझी खरी फजिती सुरू होते. पहिली तर मी स्वतःच केली. त्याच हिवाळ्यात चाळीस विद्यार्थी घेऊन गेले. दोन गाड्या भरून विळे आणि कोयते, वर कापडी फलक. मुलं जोमानं कामाला लागली. काका पाळीवर येऊन बसले होते.

"कापून राहिले का, बाई?"

"हो काका."

"काड्या कोठं ठेवान?"

"पाळीवर ढीग करू. वाळतील."

"बरं," ते म्हणाले.

ते बरं मला आजही ऐकू येतं. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं विचारलं होतं. मी मात्र दुसऱ्यांदा त्यांना काहीच विचारलं नाही. मी वनस्पतींच्या कुळांच्या पुस्तकात पाहून आले होते. बेशरम रताळ्याच्या कुळातली, हे मला ठाऊक होतं. उपवासाच्या रताळ्याची ती चुलतबहीण. आणि रताळ्याच्या वेलाचा तुकडा पुरला तरी लागतो हे स्वयंपाकघरातल्या कोणत्याही बाईला माहीत असतं. फक्त एम.एस्सी. बाईला पाळीवर उभं असताना ते आठवलं नाही. आठ दिवसांत आम्ही तलावाची एक बाजू अशी साफ केली की मुलांनी नाच केला. काड्यांचे ढीग पाळीवर ओळीनं रचले. काही पाण्यात पडल्या, त्या पडू दिल्या.

ऐन पावसाळ्यात मी पुन्हा गेले. प्रत्येक काडीला प्रत्येक पेरावर मूळ फुटलं होतं. ढीग उभे राहून झाडं झाले होते. पाण्यात पडलेल्या काड्या तरंगत तरंगत मधल्या उरल्यासुरल्या पाण्यात जाऊन लागल्या होत्या. सून पाळीवर माझ्याशेजारी उभी होती. ती लोकांच्या शेतांत रोजानं धान लावायला जायची, हात चिखलाचे होते.

"म्याडम," ती म्हणाली, "तुमी कापलं नाही. तुमी रोवणा केला."

रोवणा म्हणजे भाताची लावणी. मूठभर रोपं घ्यायची आणि ओळीनं चिखलात खोचायची. चाळीस शिकलेल्या पोरांकडून मी बेशरमचा रोवणा करून घेतला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि मारुतीही असा की शेपूट रोज वाढतंय.

मग मी कार्यालयांचे उंबरे झिजवले. हा तलाव कोणाचा, हेच पहिल्यांदा कळेना. एका टेबलावर सांगत, तो आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे. त्यांच्याकडे गेलं की म्हणत, कागद दाखवा. बाप दाखव नाही तर श्राद्ध कर. सरकारी भाषेत या तलावांना माजी मालगुजारी म्हणतात, आणि फायलीवर त्याचं मा.मा. होतं, म्हणून सगळे म्हणतात मामा तलाव. नाव अगदी बरोबर आहे. मामाच्या घरी भाचे जेवायला येतात, छपराची कौलं बदलायला कोणी येत नाही.

कॉलेजात त्याहून वरताण. मी प्राचार्यांना म्हटलं, सलग तीन वर्षं शिबिर याच तलावावर घेऊ. ते सज्जन होते, पण घाबरट. त्यांनी ड्रॉवरमधून अहवालाचा छापील नमुना काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, लावलेली झाडे. शेजारी दुसरा, जगलेली झाडे. उपटलेली झाडे असा रकाना नव्हता.

"बाई, मी वर काय लिहू?" त्यांनी विचारलं. "पर्यावरणासाठी मुलांनी झाडं तोडली म्हणून?"

"झाडं नाहीत ती, सर. बेशरम आहे."

"ती तुम्हाला बेशरम. कागदावर ती झाडंच."

त्या वर्षीचं शिबिर दुसऱ्याच गावाला गेलं. मुलांनी रस्त्याच्या कडेला पाचशे खड्डे खणले, कोणी पाहुणे आले, फोटो निघाले. गेल्या वर्षी जिथं लावलं होतं तिथंच लावलं का, हे विचारायचं नसतं. मी घरी येऊन रागानं जेवले नाही. तर आई म्हणाली, झाडाचा राग अन्नावर काढू नको. ती पूजेला पाणी त्याच गडव्यातून घेत होती, ज्यावर माझं नाव होतं. मी म्हटलं, तो आत टाक. तिनं नाही टाकला.

शेवटी अक्कल आली ती अशी, की एका दुपारी मी काकांच्या खाटेजवळ बसले आणि विचारलं. साधं विचारलं. "काका, हे कसं मरते?"

 पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न न विचारता सांगितलं. "मुळासकट काढा लागते. कापाचं नाही. पानी उतरलं का जेठात, माती तडकते, तवा सब्बल जाते मुळाखाली. काढलं का खडकावर उलटं टाका. मूळ वर. काडी जमिनीले लागू देऊ नोका. एक काडी लागली का सारं गेलं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी तवा सांगून राहिले होते, बाई," ते म्हणाले.

जेठात. म्हणजे मे-जूनच्या उन्हात, आणि इथंच आमच्या सगळ्या पर्यावरणप्रेमाची गाडी रुतते. शिबिरं हिवाळ्यात असतात, कारण हवा छान असते. तलाव तेव्हा भरलेला असतो. बेशरम मरते उन्हाळ्यात, आणि तेव्हा परीक्षा आटोपून विद्यार्थी मामाच्या गावाला गेलेले असतात, खऱ्या मामाच्या. मी वर्गात सांगितलं. साठ मुलं. शिबिराला कोण येणार म्हटलं की या वर्गात जंगल उभं राहावं तसे हात वर होतात. मी म्हटलं, मे महिन्यात, प्रमाणपत्र नाही, गुण नाहीत, फोटो नाही, एसटीचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही पाहिली नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडून म्हणाले, तुम्हाला झाडं आवडत नाहीत, खड्ड्याशेजारी उभं राहायला आवडतं. मग वाटलं, बाई, हे तू कोणाला सांगतेस?

सात जण आले. तीन मुली, चार मुलगे. एक मुलगी वरठीहून येऊन-जाऊन करायची, पहाटे निघून दोन गाड्या बदलून. पहाटे उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत काम, मग सुनेच्या घरच्या ओसरीत पडून राहायचं, आणि उन्हं कलली की पुन्हा. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, माती उकरायची, दोघांनी खोड हलवायचं, मुळी तुटू न देता ओढायची, डोक्यावर घेऊन खडकापर्यंत न्यायची. एकेका झाडाला अर्धा तास. चीक अंगाला लागून खाज सुटायची. नऊ दिवसांत एक कोपरा मोकळा झाला, एका बांधीएवढा, म्हणजे धानाच्या एका वाफ्याएवढा. शेवटच्या दिवशी मी पाळीवर चढून पाहिलं. त्या कोपऱ्याच्या पलीकडे उरलेलं कालेज मजेत डोलत होतं, फुलं आली होती. मला रडू आलं. आनंदाचं वगैरे नाही. रागाचं.

तरी त्या कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यात सुनेनं शिंगाड्याचे वेल सोडले. लागले. दिवाळीनंतर तिनं टोपलीभर शिंगाडे कॉलेजात पाठवले. नव्या वर्गातल्या साठ मुलांनी खाल्ले, त्या सातांनी नाही. ती सात तोवर तिसऱ्या वर्षाला जाऊन परीक्षेला लागली होती. पुढच्या मेमध्ये चार आले. त्याच्या पुढच्या वर्षी पाच. जेवढं काढायचो, त्यातलं थोडं पावसाळ्यात पलीकडून पुन्हा चालून यायचं. मी दरवर्षी शिबिरासाठी अर्ज करायची आणि दरवर्षी तो रकाना आडवा यायचा. सुनेचा नवरा तुमसरलाच राहिला. एका कोपऱ्याच्या शिंगाड्यावर माणूस परत येत नाही. हे तिनं मला कधी ऐकवलं नाही. मीच दरवेळी विचारायची, आले का घरी? आणि ती म्हणायची, येतीन न.

काका गेले ते ऐंशीचं दशक संपता संपता. मला उशिरा कळलं. त्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर दोनच मुली होत्या. मी आणि सून एका जुन्या, मांडीएवढ्या जाड बुंध्याशी झटत होतो. पाण्याच्या कडेचा बुंधा होता तो, बहुतेक आमच्याच पहिल्या काड्यांमधला, कदाचित मीच खोचलेला. मध्येच दम खायला थांबलो. पलीकडून एक बाई ओरडून कोणाला तरी सांगत होती, कालेजात म्हैस शिरली म्हणून.

माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. मी म्हटलं, "आता तरी ते नाव सोडा न गा तुम्ही लोक. आम्ही चुकलो, मी चुकले. साऱ्या जिल्ह्यात त्याला बेशरम म्हणतात. तुम्ही तेवढं कालेज म्हणता. किती दिवस टोचाल?"

सुनेनं कपाळावरचा घाम पुसला. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

"टोचाले नाही म्हनत, म्याडम," ती म्हणाली. "मी लगन होऊन आली तवा मीबी बेशरमच म्हने. सासऱ्यानं मना केलं. म्हने, त्या पोट्ट्यापोट्टीइनं पाच दिवस आपल्या पाळीवर माती वायली, हाताले फोडं आले. त्याइच्या हातच्या झाडाले बेशरम म्हनलं त त्याइलेच म्हनल्यावानी होते. कालेज म्हना, म्हने. त्याइचं नाव राहू द्या. मंग साऱ्या गावानं तेच धरलं."

 टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान रागावता तरी येतं. मासे धरा म्हणून हसण्यावारी नेलेल्या माणसानं माझ्या चुकीची शिवी मला लागू दिली नव्हती. त्याचा मुलगा तुमसरच्या मिलमध्ये पोती वाहत होता, आणि हा माणूस गावाला सांगत होता, त्यांना वाईट वाटेल असं बोलू नका. आणि ते मला सांगायचंही त्याच्या मनात आलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

"म्याडम," सून म्हणाली, "हातातली काडी."

उपटताना मुळीसकट तुटलेली एक काडी माझ्या हातातून खाली सुटली होती, ओल्या मातीवर. मी ती उचलली, तिच्या पेराला चिकटलेली माती पुसली, आणि खडकावर नेऊन ठेवली, मूळ वर करून.